दारातला जुना ट्रॅक्टर: वर्षभराची राखण

बी-275, मॅसी 1035, एचएमटी 2511, एअर-कूल्ड आयशर, जुना स्वराज 735. यांतला एखादा अजून तुमच्या दारात उभा असेल आणि 'आता हा मोडीत घालावा का' अशी चर्चा घरात चालू असेल, तर घाई करू नका. पलटी नांगराचं आणि मोठ्या रोटाव्हेटरचं काम हल्ली पन्नास एचपीचा भाड्याचा ट्रॅक्टर करून जातो, हे खरं आहे. पण पाळी, पेरणी, सरी, पाण्याचा टँकर, शेणखताची ट्रॉली ही वर्षभराची किरकोळ कामं पंचवीस-पस्तीस एचपीचं जुनं यंत्र आजही उत्तम करतं. त्याचा हप्ता कधीच फिटलेला असतो. त्याची नीट राखण केली, तर ते तुमच्यानंतरच्या पिढीलाही चालवता येईल.

भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा. तो एप्रिल 1959 मध्ये फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून 1963 मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली, आणि बी-275 महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचला. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरचं तंत्र घेऊन पिंजोरला एचएमटीचा 2511 तयार झाला. मोहालीहून 1974 मध्ये स्वराज 724 आला. पुढे स्वराजची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीला तंत्रज्ञान मिळालं ते आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सकडून. या सगळ्या यंत्रांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांत सेन्सर नाहीत, संगणक नाही. बिघाड डोळ्यांनी दिसतो, कानांनी ऐकू येतो आणि पान्यांच्या एका सेटने बराचसा दुरुस्त होतो.

अशा इंजिनाला चार गोष्टी स्वच्छ लागतात: हवा, डिझेल, ऑइल आणि पाणी. ऋतू बदलला की यातल्या वेगळ्या गोष्टीवर संकट येतं. उन्हाळ्यात हवेवर आणि पाण्यावर, पावसाळ्यात डिझेलवर आणि ऑइलवर. म्हणून 'वर्षातून एकदा सर्व्हिसिंग' हा हिशेब जुन्या ट्रॅक्टरला पुरत नाही. लक्ष कुठे ठेवायचं, हे महिन्यामहिन्याला बदलावं लागतं.

त्याआधी एक वही करा. जुन्या ट्रॅक्टरचं अवर मीटर बहुधा बंद असतं, त्यामुळे इंजिन ऑइल कधी बदललं याचा पत्ता नसतो. बहुतेक जुन्या मॉडेलांना 250 तासांनी ऑइल बदलायचं असतं. तास मोजता येत नसतील, तर डिझेल मोजा. पस्तीस एचपीचं इंजिन मध्यम कामाला तासाला साधारण तीन ते चार लिटर डिझेल घेतं. म्हणजे आठशे लिटरच्या आसपास डिझेल जळलं की ऑइल बदलायची वेळ झाली. वहीत प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल, बदललेलं ऑइल, फिल्टर आणि ग्रीस यांची तारखेसह नोंद ठेवा. मिस्त्रीलाही या वहीचा फार उपयोग होतो.

आता उन्हाळा. मार्च ते मे ही नांगरटीची, ढेकळं फोडण्याची, शेणखत ओढण्याची वेळ. रानात पायाच्या घोट्याएवढा फुफाटा असतो आणि इंजिन तीच हवा ओढत असतं. जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ एअर क्लीनर असतो: खाली तेलाचा बाऊल, वर तारेची जाळी. हवा तेलावर आपटते, धूळ तेलात बसते, उरलेली जाळीत अडकते. ही रचना अतिशय चांगली आहे. पण जुन्या इंजिनांचे लायनर-पिस्टन वेळेआधी झिजतात, त्याला बहुतेक वेळा या एअर क्लीनरकडे झालेलं दुर्लक्षच कारणीभूत असतं. धूळ आत गेली की ती ऑइलमध्ये मिसळते आणि रिंगा, बोअर, बेअरिंग सगळं घासत राहते.

नांगरटीच्या दिवसांत रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी बाऊलची क्लिप काढा. तेलात बोट घालून तळ चाचपा. खाली घट्ट गाळ लागला किंवा तेल जाडसर झालं, की ते ओतून टाका, बाऊल डिझेलने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि इंजिनात घालता तेच ऑइल आतल्या रेघेपर्यंत भरा. रेघेच्या वर भरू नका. जास्तीचं तेल हवेबरोबर इंजिनात ओढलं जातं, आणि डिझेल इंजिन त्या तेलावरच बेफाम पळू लागू शकतं. ऑइल बाथमध्ये वापरलेलं काळं ऑइल टाकायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती सोडा. वरची जाळी हंगामात दोन-तीनदा डिझेलमध्ये बुडवून धुवा आणि पूर्ण निथळू द्या.

एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंत जाणारा रबरी पाइप कुणी तपासतच नाही. त्याला चीर गेली असेल, तर वर कितीही स्वच्छ तेल ठेवा, इंजिन धूळच खाणार. याची सोपी चाचणी आहे. इंजिन मंद गतीवर ठेवा, एअर क्लीनरच्या वरची टोपी काढा आणि हवेचं तोंड सपाट फळीने पूर्ण झाका. हात लावू नका. पाइप आणि सगळे जोड हवाबंद असतील, तर इंजिन गुदमरून बंद पडतं. चालू राहिलं, तर हवा दुसरीकडून कुठून तरी आत येते आहे. क्लिपा आवळा, पाइप बदला, पुन्हा पाहा. इंजिन कधी हाताबाहेर जाऊन पळू लागलं, तर ते थांबवण्याचा उपायही हाच, म्हणून ती फळी हाताशी असू द्या.

उन्हाळ्यातला दुसरा त्रास गरम होण्याचा. आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. ते वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये भरल्यामुळे आत पापुद्रे साठतात आणि ब्लॉकला नीट थंडावा मिळत नाही. रेडिएटर एकदा स्वच्छ करून घ्या आणि पुढे डबाबंद कूलंटच वापरा. बाहेरून जाळीत अडकलेला भुसा, पाकोळ्या, गवत आतून बाहेरच्या दिशेने हवा मारून काढा. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच दबावा. एअर-कूल्ड आयशर असेल तर रेडिएटरची भानगडच नाही, पण त्याच्या सिलिंडरभोवतीच्या पंखांमध्ये ऑइल आणि धूळ मिळून जो थर बसतो, तो खरवडून काढावाच लागतो. ब्लोअरचा बेल्ट तुटला, तर ते इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं. जादा बेल्ट टूलबॉक्समध्ये हवाच.

मृगाच्या आधी ग्रीसगन काढा. किंगपिन, पुढचा सेंटर पिन, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, क्लच-ब्रेकच्या पेडलांचे शाफ्ट, लिफ्टच्या दांड्या. निप्पल आधी फडक्याने पुसा, मग जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. एखादं निप्पल ग्रीस घेत नसेल, तर ते काढून बदला, किंमत अगदी किरकोळ असते.

पेरणीचा वाफसा दोन-तीन दिवसांचा असतो. नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर मध्येच बंद पडतो, आणि कारण बहुधा डिझेलमधलं पाणी किंवा लाइनमध्ये धरलेली हवा. टाकी अर्धी रिकामी ठेवली, तर रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतली वाफ टाकीच्या पत्र्यावर जमून डिझेलमध्ये उतरते. म्हणून डिझेल सकाळी भरण्यापेक्षा संध्याकाळी काम संपल्यावर भरावं. फिल्टरखालचा किंवा सेडिमेंटचा काचेचा बाऊल आठवड्याला उघडून पाणी काढा.

हवा काढणं प्रत्येक मालकाला यायलाच हवं. टाकीत डिझेल आहे आणि नळ उघडा आहे, हे पाहा. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीडिंग स्क्रू दोन आटे ढिला करा आणि फीड पंपाची छोटी दांडी हाताने हलवत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग डिझेल पंपावरचा स्क्रू, याच क्रमाने. दांडी सैल लागली आणि तिला जोरच येत नसेल, तर पंप बिघडला असं लगेच समजू नका. आतला कॅम वर थांबलेला असतो. सेल्फ मारून इंजिन किंचित फिरवा, की दांडीला पुन्हा भार येतो. एवढं करूनही सुरू होत नसेल, तर नोझलकडचे पाइपचे नट थोडे ढिले करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण खेचून सेल्फ मारा आणि डिझेल दिसू लागताच एकेक नट आवळा. त्या वेळी चेहरा आणि हात लांब ठेवा. या पाइपातल्या डिझेलचा दाब इतका असतो, की बारीक धार कातडीच्या आत घुसते, आणि अशी जखम वरून लहान दिसली तरी ताबडतोब डॉक्टरांना दाखवावी लागते.

चिखलणीचा भाग वेगळा. मावळ, इगतपुरी, कोकण, चंदगड-आजरा या भातपट्ट्यांत जुने हलके ट्रॅक्टर केज व्हील लावून खाचरात उतरतात आणि मागच्या एक्सलच्या ऑइल सीलमधून पाणी आत शिरतं. चिखलणी संपली की गिअर ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल ताकासारखं दुधाळ दिसलं, तर त्यात पाणी मिसळलेलं आहे. ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागेवर उभा ठेवा आणि सकाळी ड्रेन प्लग थोडासा ढिला करा. तळाला बसलेलं पाणी आधी बाहेर येतं. पण दुधाळ झालेलं ऑइल पुन्हा वापरू नका, गिअर आणि बेअरिंग गंजतात. पुढच्या चाकांचे हबही उघडून नवं ग्रीस भरा.

खाचरात मागची चाकं रुतली, तर चाकांना ओंडका बांधून पुढे रेटू नका. चाक अडलं की इंजिनाची ताकद पुढचा भाग उचलण्यात जाते आणि ट्रॅक्टर मागे चालकावर उलटतो. याला डोळ्याचं पातं लवण्याइतकाच वेळ लागतो. रिव्हर्समध्ये बाहेर काढा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने लांब साखळी लावून ओढा.

पेरणी उरकल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात अनेक ट्रॅक्टर नुसते उभे असतात. जुन्या यंत्राचं नुकसान कामापेक्षा या उभं राहण्याने अधिक होतं, असं माझं ठाम मत आहे. उभ्या सायलेन्सरवर डबा उपडा घालायची आपली गावाकडची सवय अगदी बरोबर आहे. पावसाचं पाणी सायलेन्सरमधून उतरून एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर थांबलं, तर व्हॉल्व्ह गंजून अडकतो. दुसरी गोष्ट क्लचची. ओलसर हवेत महिना-दोन महिने न हलवलेल्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. मग पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही आणि ट्रॅक्टर खोलून दोन भाग करायची वेळ येते. म्हणून ट्रॅक्टर ठेवताना क्लच पेडल पूर्ण दाबून ते दाबलेलंच राहील असा लाकडाचा ठोकळा अडकवून बसवा. लिफ्ट खाली सोडा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टर्मिनलना पेट्रोलियम जेली लावा. बॉनेट उघडून उंदरांचं घरटं आहे का ते पाहत राहा, कारण वायरिंगचं नुकसान त्यांच्याइतकं कुणी करत नाही.

पंधरा दिवसांनी इंजिन सुरू करायचं असेल तर अर्धा तास चालवा आणि थोडं फिरवून आणा. दोन मिनिटं सुरू करून बंद केलं, तर आत पाण्याची वाफ धरते आणि ऑइल खराब होतं. ते करण्यापेक्षा सुरू न केलेलं बरं.

खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. तो दिवस वर्षाच्या मोठ्या तपासणीचा ठरवा. ट्रॅक्टर धुतलेलाच असतो. पुसताना नट ढिले दिसतात, सीलमधली गळती कळते, टायरच्या चिरा दिसतात. हार घालण्याआधी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलून घ्या. रब्बीच्या पेरणीला तुम्ही निर्धास्त असाल.

थंडीत निफाडसारख्या भागात पारा फार खाली जातो आणि जुनी इंजिनं सकाळी रुसतात. सेल्फ मारताना क्लच दाबून धरा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल फिरवण्याचा भार बॅटरीवर येत नाही. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये थोडं थांबा. चेंबरखाली जाळ करणं थांबवा. ऑइल आणि डिझेल गळत असलेल्या यंत्राखाली विस्तव ठेवण्यात कोणतंही शहाणपण नाही. ईथरचा फवाराही शक्यतो नको, आणि मॅनिफोल्डला हीटर असेल तर मुळीच नको, स्फोट होतो. रोजच धक्का मारावा लागत असेल, तर दोष थंडीचा नाही. बॅटरी, नोझल किंवा कॉम्प्रेशन, यांपैकी एक तपासून घ्या. धूर बघायची सवय लावा: काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढराच येत असेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी सिलिंडरमध्ये उतरतंय.

ऊस वाहतुकीला जुना ट्रॅक्टर लावू नये, असं मी सुचवेन. दोन ट्रॉल्यांचं वजन ओढणं एक गोष्ट, ते उतारावर थांबवणं दुसरी, आणि या ट्रॅक्टरांचे ब्रेक त्या वजनासाठी केलेले नाहीत. एक ट्रॉली ओढायची असली, तरी ती खालच्या हुकालाच लावा. टॉप लिंकच्या उंचीवर साखळी लावली, की पुढची चाकं उचलतात. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडलं एकत्र जोडणारी पट्टी लावा, उतारावर न्यूट्रल करू नका, ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर पट्टी आणि चालू लाल दिवा असू द्या. मळणी यंत्रावर पीटीओ शाफ्टला गार्ड लावल्याशिवाय काम सुरू करू नका. तो मिनिटाला 540 फेरे फिरतो. पदर, टॉवेल, सैल बाही त्यात गेली, तर सोडवायला वेळ मिळत नाही.

आता बदलांविषयी. जुना ट्रॅक्टर आपल्या सोयीने सुधारून घेण्यात मोठा आनंद आहे, आणि काही बदल खरोखर करावेत. डायनामो काढून अल्टरनेटर बसवला की बॅटरी नीट चार्ज होते. फक्त अर्थिंग कोणतं आहे ते आधी तपासा, आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. वायरिंग नवं करताना प्रत्येक सर्किटला फ्यूज आणि दिव्यांना रिले द्या. ऑइल प्रेशर आणि तापमान यांचे मीटर चालू करून घेणं हा तर सगळ्यात स्वस्त विमा. कंबरदुखी असलेल्यांनी चांगली स्प्रिंगची सीट बसवावी. पॉवर स्टिअरिंगचं किट बसतं आणि फार सुख देतं. पण आधी किंगपिन, बुश आणि टाय रॉड नवे करा, नाहीतर स्टिअरिंग हलकं होऊनही चाकं डगमगतच राहतील.

काही बदल मात्र टाळा. डिझेल पंप 'वाढवून' ताकद काढू नका. जास्तीचं डिझेल नीट जळत नाही, काळा धूर येतो, पिस्टन तापतो आणि गिअरबॉक्स ज्यासाठी बनलेलाच नाही असा भार त्याच्यावर पडतो. सायलेन्सर काढून मोकळा पाइप लावला तर कान जातात, आणि वाळल्या पाचटात किंवा कडब्याच्या गंजीजवळ ठिणगी पडते. पाइपांची छत्री सावली देते, ट्रॅक्टर उलटल्यावर जीव वाचवत नाही. त्यासाठी एक्सल हाउसिंगला पक्की बसवलेली, चाचणी झालेली संरक्षक कमान आणि सीट बेल्ट दोन्ही लागतात. इंजिन बदलणं किंवा मूळ रचनेत मोठा फेरफार करणं मोटार वाहन कायद्यानुसार आरटीओच्या मान्यतेशिवाय करता येत नाही. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून, चिठ्ठी बांधून ठेवा.

इंजिन खोलावं लागलंच, तर घाईने 'फक्त रिंगा टाका' म्हणू नका. लायनर किती झिजलेत ते मोजून घ्या, क्रँक मायक्रोमीटरने तपासा. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी बोअरिंग-ग्राइंडिंगची जुनी, अनुभवी वर्कशॉप आहेत. बाजारात न मिळणारा बुश किंवा पिन अशा ठिकाणी नमुन्यावरून खरादून मिळतो.

मूळ रूपात आणायचा छंद असेल, तर रंगाच्या आधी नंबर प्लेट, कंपनीची पाटी, बॉनेटवरची अक्षरं जपून उतरवा. पाटीवर रंग मारू नका. जुना रंग कोणता होता, हे पाटीच्या मागे आणि टाकीखाली सापडतं, ऊन न लागलेल्या जागी तो जसाच्या तसा टिकतो. घरातल्या पोरांना पाना धरायला लावा, हवा काढायला शिकवा, पण चालत्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कुणालाही बसवू नका, अगदी मिरवणुकीतसुद्धा. दोन सिलिंडरच्या एचएमटीचा तो सुटा सुटा ठोका शांत संध्याकाळी बांधापलीकडून ओळखू येतो. ऐकत राहिलात तर त्यात थोडा जरी फरक पडला, तरी मिस्त्रीच्या आधी तुम्हाला कळेल.

नव्याने जुना ट्रॅक्टर घ्यायचा असेल, तर तो सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. मालकाने आधीच गरम करून ठेवला असेल, तर दुसऱ्या दिवशी जा. ब्रीदरमधून धूर फसफसतोय का, लिफ्ट वजन उचलून दहा मिनिटं तशीच धरून ठेवते का, प्रत्येक गिअर भाराखाली टिकतो का, हे तपासा. नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणीसह नूतनीकरण करावं लागतं, ते झालंय का विचारा. चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. नंबर खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर किंमत कितीही कमी असली तरी सौदा करू नका.